वीतभर हवा

माणसांना खाणीत नेणारा पिंजरा जिथून खाली उतरे, तिथून वीस पावलांवर एक लांबट, बुटकी, दगडी खोली होती. तिला दिवेघर म्हणत. आत भिंतीभर फळ्या, फळ्यांवर जाळीचे दिवे आणि प्रत्येक दिव्याच्या बुडाशी पितळी आकडा. पाळीला निघालेला माणूस खिडकीशी यायचा, आपला आकडा सांगायचा आणि पेटलेला दिवा घेऊन जायचा. वर आला की काळ्या हातानं तोच दिवा परत द्यायचा. जिथे दिवा परत आला, तिथे माणूसही परत आला, असा त्या खिडकीचा साधा हिशेब.

त्या खिडकीत दिवेमामा बसे. पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यानं खाली कोळसा फोडला होता. छातीत अर्धाच श्वास उरला, तेव्हा त्याला वर आणून दिव्यांपाशी बसवलं. वाती कापायच्या, काचा पुसायच्या, तेल भरायचं, जाळीला कुठे भोक पडलंय का ते उजेडात धरून पाहायचं. सगळी खाण त्याला मामा म्हणे. त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा असलेला घोडेवालासुद्धा मामाच म्हणे.

दिवेघराची एक रीत होती आणि ती मामानंच घातलेली. नवा माणूस पहिल्या दिवशी आला की त्याला दिवा मिळायचा नाही. आधी त्यानं ओलं फडकं तोंडाला बांधून दिवेघराच्या जमिनीवर पालथं पडायचं. तोंड जमिनीला, दोन्ही कोपरं डोक्यावर, श्वास हळू. मामा ‘ऊठ’ म्हणेपर्यंत उठायचं नाही.

“आपल्या खाणीतला गॅस वर बसतो,” मामा सांगे. “छताला. त्यानं पेट घेतला की आग छताछतानं धावते. जमिनीलगत वीतभर हवा उरते. त्या वीतभर हवेत माणूस जगतो. पळणारा मरतो. आलं लक्षात?”

“लक्षात आलं मामा, पण आता उठवायला पिंजरा पाठवा,” छताला टेकू लावणारा एक ढेरपोट्या खांबवाला एकदा पडल्या पडल्या म्हणाला होता. खिडकीबाहेर हशा पिकला. मामा हसला नाही. उलट त्याला आणखी तेवढाच वेळ पाडून ठेवला.

मामाला हसू न येण्याला कारण होतं. तिशीत असताना तो खाली होता, तेव्हा त्याच्या बोगद्यात अकरा जण होते. आग आली. तिघे पालथे पडले, आठ पळाले. तिघेच वर आले, मामा त्यांतला एक. तेव्हापासून या एका गोष्टीवर मामाची जेवढी श्रद्धा होती तेवढी दुसऱ्या कशावरच नव्हती.

त्याला एकच मुलगा. आधीची दोन पाळण्यातच गेली, त्यामुळे हा जगला तेव्हा मामाच्या बायकोनं कित्येक महिने त्याचा श्वास चालू आहे ना हे पाहण्यापायी स्वतःची झोप घालवली. खाणीच्या वसाहतीत एका रांगेत बांधलेल्या घरांपैकी शेवटचं घर त्यांचं. दोन खोल्या, मागे एक बाक टाकलेलं अंगण, आणि सकाळी पुसलेल्या फळीवर दुपारी पुन्हा बोटानं नाव लिहिता येईल एवढी कोळशाची भुकटी.

पोराला चालायच्या आधी ठोकायला आलं. चमचा हाती लागला की भांडं ठोक, भांडं नसेल तर भिंत ठोक, भिंतीचा कंटाळा आला की बापाचं डोकं ठोक. बापाला त्याचं कौतुकच. खाली छत काठीनं ठोकून पाहतात. खणखणीत वाजलं तर पक्कं, भदभद वाजलं तर सुटलेलं. मामा त्याला मांडीवर घेऊन टेबलाखालून ठोकून दाखवी. “हे काय, भरलेलं की पोकळ?” पोरगं कान लावून ऐके आणि बरोबर सांगे. शाळेत त्याचं नाव ठोक्या पडलं आणि मग आईखेरीज कुणीच त्याला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

मास्तरांनी एकदा घरी येऊन सांगितलं होतं, पोराचं अक्षर सुरेख आहे, कचेरीत चिकटेल. मामालाही ते हवं होतं. पण कचेरीतली खुर्ची रिकामी होईना. खाणीत जागा मात्र रोजच रिकाम्या होत होत्या. सतराव्या वर्षी ठोक्या दिवेघराच्या खिडकीशी येऊन उभा राहिला.

“मामा, दिवा द्या,” तो म्हणाला.

रांगेतले फिसकन हसले. बापालाच मामा म्हणतोय. मामानं मान वर केली नाही. “दिवा नंतर. आत ये.”

त्या दिवशी ठोक्या पालथा पडला तो पडलाच. बाकीच्यांना मोजून शंभर श्वास पाडून ठेवत. ठोक्याचे शंभर झाले, दोनशे झाले, मामा ‘ऊठ’ म्हणेना. शेवटी मुकादमानंच खिडकीतून डोकं आत घातलं. “मामा, पाळी सुटायची वेळ झाली. आज उतरवायचाय की उद्या?”

संध्याकाळी आईनं सदरा पाहिला. पुढची बाजू तेलानं, भुकटीनं काळीठिक्कर. “खाली काळा झालास ते समजलं,” ती म्हणाली, “पण नेमकं पोटावरच एवढं कसं?”

“ते खालचं नाही गं. ते तुझ्या नवऱ्याचं काम आहे.”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं चहाच्या कपात पाहिलं. तिनं पाणी तापत ठेवलं.

घरी बाबा आणि खिडकीशी मामा, हे ठोक्यानं नेमानं पाळलं. सकाळी एकाच दारातून दोघे निघत, एकच डबा दोघांत वाटून घेत, आणि वीस मिनिटांनी पोरगा खिडकीशी येऊन परक्यासारखा म्हणे, “मामा, एकशे सदतीस.” मामाही परक्यासारखाच दिवा पुढे सरकवी. दिवा देताना त्याचा अंगठा मात्र क्षणभर जास्त रेंगाळे.

दोन वर्षांनी एका सकाळी जमिनीतून एक दबका धक्का आला. फळीवरचे रिकामे दिवे एकमेकांवर आपटून किणकिणले. मामाला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. भोंगा झाला, बायका धावत आल्या, मामाची बायकोही आली. ती खिडकीशी उभी राहिली. मामा एका काचेवरून फडकं फिरवत राहिला. ती काच केव्हाच लख्ख झाली होती.

दुपारनंतर पिंजरा वर आला. ठोक्या त्यात होता. मानेवरचे केस जळलेले, कानाच्या पाळ्या भाजलेल्या. त्याच्याबरोबरचे दोघेही होते. त्या दोघांना त्यानं मानगूट धरून खाली पाडलं होतं. तो खिडकीशी आला, दिवा ठेवला आणि म्हणाला, “मामा, एकशे सदतीस. वीतभर हवा पुरली.”

मामानं दिवा घेतला, वात पाहिली, जाळी उजेडात धरली, दिवा फळीवर ठेवला. मग तो तिथेच तेलाच्या डब्यावर बसला.

त्यानंतर ठोक्याला तो धडा आठवून द्यावा लागला नाही. तो त्याच्या हाडात जाऊन बसला.

लढाई सुरू झाली तेव्हा वसाहतीत तिची फारशी चर्चा नव्हती. खाणीत लढाईवाचूनही माणसं मरत. मग शाळेच्या पटांगणात टेबल मांडून भरतीवाले बसले, आणि एका रविवारी ठोक्या नाव लिहून आला.

आई भांडी विसळत होती. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. “का?”

“आई, थंडी सुरू झाल्यापासून मी सूर्य फक्त रविवारी बघतोय. जाताना अंधार, खाली अंधार, येताना अंधार. तिथे निदान डोक्यावर आभाळ असेल.”

“आभाळ बघायला लढाईवर जायचं? अंगणात बाक टाकलाय तो कशाला?”

“रविवारचंच आभाळ दिसतं गं त्या बाकावरून.”

ती नवऱ्याकडे वळली. “अहो, तुम्ही काही सांगत का नाही?”

“काय सांगू? लढाईतलं मला काय कळतं?”

“जे कळतं ते सांगा.”

निघायच्या सकाळी मामानं मुलाला वसाहतीच्या टोकापर्यंत सोबत केली. बायकोचे शब्द डोक्यात होतेच. जे कळत होतं ते त्यानं सगळं सांगितलं. छताखाली झोपलास तर आधी ठोकून बघ. लाकूड करकरलं की सामान गोळा करत बसू नकोस. दुसऱ्यानं ठोकलेल्या खांबावर विसंबू नकोस.

“आणि गॅस आला की—”

“तोंड जमिनीला,” ठोक्या म्हणाला. “माहीत आहे, मामा.”

घराजवळ असूनही तो त्या दिवशी मामा म्हणाला. मग हसून पुढे गेला.

मामा परत आला तेव्हा बायको दारातच होती. “सांगितलंत?”

“सगळं सांगितलं.”

“मग येईल,” ती म्हणाली. पुढचे सगळे महिने ती या दोन शब्दांवर उभी राहिली. नळावर कुणी विचारलं की सांगे, “त्याच्या वडलांनी त्याला शिकवून पाठवलंय. आगीतून आला, लढाईतून पण येईल.”

पत्रं चार आली. अक्षर खरंच सुरेख होतं. पहिल्यात लिहिलं होतं: ‘इथे प्रत्येकाला विचारलं, धंदा कोणता. मी खरं सांगून बसलो. बंदूक आली तशी परत गेली आणि हातात पुन्हा फावडं आलं. बाबा, मी इथेही खालीच आहे. आईला आभाळाचं सांगू नका.’ आई शेजारीच बसून ऐकत होती, त्यामुळे ते आपोआपच सांगून झालं.

दुसऱ्यात होतं की खंदकाखाली बोगदे खणतात, माती ओली आहे, कोळशासारखी प्रामाणिक नाही. तिसऱ्यात एक शिंपी आला होता. ‘आमच्या तुकडीत एक शिंपी आहे. झोपेतसुद्धा बोलतो. त्याला खणता येत नाही, पण सगळ्यांच्या सदऱ्यांची बटणं शाबूत आहेत. मी काही न सांगताच इथेही माझं नाव ठोक्या पडलं.’

चौथं पत्र मामानं इतक्या वेळा वाचलं की घडीवर कागद विरला. ‘तुमचा धडा इथे सगळ्यांना दिला. ओलं फडकं, तोंड जमिनीला, कोपरं डोक्यावर. आधी हसले. मग खणताना एकदा धूर कोंडला आणि धडा उपयोगी पडला. आता कुणी हसत नाही. रोज एकदा पाडून घेतो सगळ्यांना. शिंप्याचे कपडे खराब होतात म्हणून तो शिव्या देतो.’

मामानं ते मुकादमाला वाचून दाखवलं. मामा बढाया मारणारा माणूस नव्हता, पण त्या आठवड्यात त्याची मान जरा ताठ होती. “माझा धडा लढाईवर गेला बघ,” तो म्हणाला. “मी इथे खिडकीत बसून आहे आणि तो तिथे माणसं वाचवतोय.”

पाचवं जे आलं ते पत्र नव्हतं. छापील कागद होता, त्यात नाव, तारीख आणि ‘कर्तव्य बजावताना’ एवढं. बायकोनं तो उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. “कसा ते लिहिलं नाही,” ती म्हणाली.

मामा तिसऱ्या दिवशी कामावर गेला. दिवे कुणासाठी थांबत नाहीत. एकशे सदतीस नंबर ठोक्या लढाईवर गेल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात एका लालसर केसांच्या कोळसा फोडणाऱ्याला दिला होता, आणि तो माणूस रोज बिनचूक तो दिवा घेऊन जात होता, आणून देत होता. नवे लोक येत, पालथे पडत. मामा आता दीडशे श्वास मोजत असे. कुणी कुरकुरलं की म्हणे, “माझा मुलगा गोळीनं नाहीतर तोफेनं गेला असेल. गॅसनं नाही. गॅसचं त्याला माहीत होतं.”

एवढाच काय तो आधार होता. घरी बायकोपाशीही हेच वाक्य, आणि तीही त्यावर मान डोलावी.

शिंपी आला तो एका रविवारी दुपारी. काठी टेकत, एक गुडघा न वाकवता. दारातच म्हणाला, “काका, मी त्याच्या तुकडीतला. तो लिहायचा ना, बडबड्या शिंपी, तो मीच.” आणि मग बडबड्या शिंप्याला पुढे शब्द सुचेना.

त्यानं एका रुमालात बांधून आणलेलं टेबलावर ठेवलं. पत्र्याचा पेला, काठाला चमच्यानं ठोकून ठोकून पोचे पडलेला. एक पेन्सिल. सुईदोरा. “सुईदोरा माझा आहे,” शिंपी म्हणाला, “पण त्याच्या खिशात होता. म्हणून आणला.”

आईनं पेला हातात घेतला. पोच्यांवरून बोट फिरवलं. “कसा गेला रे?”

“गोळी, काकू. एकच. त्याला कळलंसुद्धा नाही.”

तिनं डोळे पुसले, मान हलवली. “बरं झालं, कळलं नाही ते. बसा. चहा टाकते.” ती आतल्या खोलीत गेली.

शिंप्याला खोकल्याची उबळ आली. त्यानं तोंडावर रुमाल दाबला आणि बराच वेळ खांदे गदागदा हलत राहिले. मामा ऐकत होता. असा खोकला त्याला ओळखीचा होता. श्वास आत जाताना पाण्याखालून आल्यासारखा येत होता.

“मागे अंगणात बसू,” मामा म्हणाला. “इथे कोंडतं.”

बाकावर बसल्यावर मामानं विचारलं, “गोळी कुठे लागली त्याला?”

“छातीत, काका.”

“आणि तुझ्या छातीत काय झालं?”

शिंप्यानं रुमाल खिशात कोंबला.

“पंधरा वर्षं खिडकीत बसून मी माणसांचे श्वास ऐकतोय, बाळ. त्याआधी पंचवीस वर्षं खाली ऐकले. गोळी लागलेल्या तुकडीतला माणूस असा खोकत नाही.”

“राहू द्या ना, काका. त्यानं काय फरक पडणार आहे?”

“मला पडेल.”

शिंप्यानं काठी दोन्ही पायांमध्ये उभी धरली आणि तिच्याकडे बघत सांगितलं.

सकाळ होती. वारा मंद, शत्रूच्या बाजूनं आमच्याकडे येणारा. समोरून एक पिवळट हिरवा ढग निघाला. साचलेल्या डबक्यावर शेवाळ असतं तसा रंग. उंच नव्हता. जमिनीला धरून सरपटत आला. खळगा लागला की त्यात उतरायचा, खळगा भरला की पुढे निघायचा. कुणीतरी ओरडलं, गॅस.

“तो शब्द ऐकला आणि तुमच्या मुलानं एका क्षणाचाही विचार केला नाही, काका. शेजारच्या दोघांची मानगुटं धरली आणि खाली पाडलं. स्वतः पडला. ‘मामा सांगतो, तोंड जमिनीला,’ असं ओरडत होता. आम्हाला रोजची सवयच होती. आणखी तिघे आपणहून पडले. मलाही त्यानं पायाला धरून ओढलं. पण माझा गुडघा दोन दिवसांपूर्वी फुटला होता, फळ्या बांधल्या होत्या. मला वाकताच येईना. मी खंदकाच्या पायरीला पाठ लावून उभाच राहिलो. त्याला म्हटलं, थांब रे, मला बसता येत नाही. तो म्हणाला, पड कसाही.”

शिंपी थांबला. श्वास गोळा केला.

“तो गॅस जड होता, काका. पाण्यासारखा खंदकात ओतला गेला आणि तळाशी बसला. जे वर चढले, जे उभे राहिले, ते जगले. माझ्यासारखे, अर्धेमुर्धे. जे पडले ते…”

मामा कुंपणाकडे बघत होता. कुंपणावर धुतलेला सदरा वाळत घातला होता. त्याच्या बाह्या वाऱ्यानं उचलल्या जात होत्या आणि पडत होत्या.

“त्याला कळलं का?” त्यानं विचारलं.

“कळलं. एकदा मान वर केली त्यानं. माझ्याकडे पाहिलं. मी उभा होतो, खोकत होतो, पण उभा होतो. मग तो एका गुडघ्यावर उठला आणि शेजारच्याला वर ढकलायला लागला. उठा, उठा म्हणत होता. आवाज फुटत नव्हता. एकाला त्यानं पायरीवर चढवलं. तो जिवंत आहे. डोळे गेले त्याचे, पण जिवंत आहे. दुसऱ्याला उचलायला गेला तेव्हा स्वतःच बसला.”

मागचं दार वाजलं. आई चहा घेऊन आली. दोघांच्या हातात कप देऊन पुन्हा आत गेली. चहा अगदी गार होता. शिंप्यानं तो न बोलता पिऊन टाकला. मामाच्या तर लक्षातही आलं नाही.

“काका,” शिंपी जरा वेळानं म्हणाला, “हा मामा कोण? सारखं मामा, मामा करायचा. मला त्या माणसाला एकदा बघायचं होतं.”

मामानं हातातला कप बाकावर ठेवला.

“आहे एक खाणीत,” तो म्हणाला. “दिवे देतो.”

“त्याला नका सांगू हे. त्यानं काही वाईट हेतूनं शिकवलं नसेल.”

“नाही सांगत.”

दुसऱ्या दिवशी दोन नवे लोक आले. मामानं त्यांना आकडे सांगितले, दिवे दिले आणि पाठवून दिलं. मुकादम खिडकीजवळच उभा होता. “मामा, धडा?”

“पाठ धरलीय.”

“धडा ते घेतात. तुमच्या पाठीचा काय संबंध?”

मामा पुढचा दिवा उचलून पुसू लागला. मुकादम समजूतदार माणूस होता, त्यानं विषय सोडला. पुढच्या आठवड्यात आणखी तीन आले, तेही तसेच उतरले. ढेरपोट्या खांबवाला म्हणाला, “मामांनी धडा बंद केला. गॅसनं खाण सोडली वाटतं.” कुणी हसलं नाही. लोक खिडकीशी येत, आकडा सांगत, दिवा घेऊन जात. मामा दिवे पुसत राही. एखादा नवा माणूस पिंजऱ्याकडे चालू लागला की त्याच्या पाठीकडे बघे. मग त्या माणसाचा दिवा परत येईपर्यंत मामाचं कशात लक्ष लागत नसे. असे तीन आठवडे गेले. घरी गेल्यावर बुटांच्या नाड्या सोडायचंही त्राण त्याच्यात उरत नसे.

एका दुपारी बायको कांदे सोलत बसली होती. कांद्यांवरची नजर न हलवता म्हणाली, “शेजारचा जावई उद्यापासून खाली जाणार आहे.”

“हं.”

“पोरीला सातवा महिना लागलाय. तिची आई विचारत होती, तुमचे हे धडा देतील ना म्हणून.”

मामानं कांद्यांची सालं गोळा करायला घेतली.

“द्याल ना?”

“नाही.”

“का?”

“नाही देत आता मी.”

तिनं सुरी खाली ठेवली. “त्या दिवशी चहा गार का होता, हे तुम्ही मला विचारलं नाहीत.”

मामानं मान वर केली.

“दोन कप हातात घेऊन मी दारामागे उभी होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत.” तिचा आवाज सपाट होता. कांद्यानं आलेलं पाणी तिनं मनगटानं पुसलं. “तीन आठवडे मी तुमच्याशी धड बोलले नाही, तेही तुमच्या लक्षात आलं नाही.”

“आलं. मला वाटलं, दुःखानं.”

“रागानं. मला तुमचा राग आलाय. अजून आहे. किती दिवस राहील, मलाच माहीत नाही. जे कळतं ते सांगा असं मीच म्हटलं होतं, म्हणून माझा मलाही आलाय.”

बाहेर दुपारच्या पाळीचा भोंगा झाला.

“मला एक सांगा,” ती म्हणाली. “आपल्या खाणीतला गॅस अजून वरच बसतो ना?”

“वरच.”

“जमिनीला हवा उरते ना?”

“वीतभर.”

“मग त्या पोरीच्या नवऱ्याला उभं का मारता?” तिनं सुरी पुन्हा उचलली. “आपला गेला. तुम्ही त्याला इथलं शिकवलंत, तो तिथे गेला. त्याचं काय करायचं ते मी बघेन. पण ती पोर रोज नळावर मला भेटणार आहे.”

मामा सकाळी लवकर निघाला. दिवेघर उघडलं, वाती कापल्या, फडकं पाण्यात भिजवून पिळून ठेवलं. शेजारचा जावई रांगेत शेवटी होता. उंच, वाकून बोलणारा माणूस.

“मामा, माझा आकडा?”

“आकडा नंतर. आत ये.”

जावई आत आला. मामानं फडकं पुढे केलं आणि बोलायला तोंड उघडलं. इतक्या वर्षांचे शब्द, पण एकही बाहेर येईना. रांगेतले लोक खिडकीतून बघत होते. मुकादमही बघत होता. मग मामा स्वतःच एका हातानं फळी धरून खाली बसला, दुसरा हात जमिनीला टेकला आणि हळूहळू पालथा झाला. तोंड जमिनीला, कोपरं डोक्यावर. जावई गोंधळला, मग त्याच्या शेजारी तसाच पडला.

फरशी गार होती. तेलाचा आणि जुन्या भुकटीचा वास येत होता. मामाच्या नाकापुढून एक थंड झुळूक दाराच्या फटीतून आत आली. त्याला वाटलं, असंच पडून राहावं. उठून तरी काय करायचंय.

“हे इथलं आहे,” तो फरशीला सांगितल्यासारखं म्हणाला. “या खाणीतलं. इथे गॅस वर बसतो, म्हणून आपण खाली पडायचं. दुसरीकडे कुठे गेलास तर हे धरून बसू नकोस. आधी विचार, इथला गॅस कुठे बसतो.”

“कुणाला विचारू, मामा?”

मामा मनात श्वास मोजत राहिला. दीडशे झाले, दोनशे झाले.

“मामा, ऊठ म्हणायचं राहिलं,” मुकादम खिडकीतून हळूच म्हणाला.

“ऊठ.”

जावई उठला. मामाला उठता येईना. जावयानं काखेत हात घालून त्याला उभं केलं, आणि धीर धरून उभा राहिला, मामाचा श्वास जागेवर येईपर्यंत. मग मामानं त्याला बावन्न नंबरचा दिवा दिला. मागच्या तीन आठवड्यांत तसेच उतरलेले पाच जण कुठल्या पाळीला आहेत, तेही त्यानं मुकादमाला विचारून घेतलं.

बावन्न नंबर परत आल्यावरच मामानं घरची वाट धरली. बायको दारात होती. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. सदऱ्याकडे पाहिलं. पुढची बाजू छातीपासून पोटापर्यंत काळीठिक्कर होती.

ती आत गेली आणि पाणी तापत ठेवलं.